अनुमानाची जागा

सातवीचा वर्ग, गंगाखेडहून नऊ किलोमीटर आत,
जिथं पंखा आहे आणि दुपारी वीज नसते.
मी फळ्यावर लिहिलं :
मुंगीला काय आवडतं, गूळ का साखर?

आधी अंदाज, मी म्हटलं. हात वर.
गुळाला एकवीस हात.
साखरेला नऊ, त्यातले दोन्ही मुंजाजीचे.
शिवकन्येचा हात कुठंच नाही.
"तुझं काय?"
"माहीत न्हाई गुर्जी. आजून बघितलंच न्हाई की."
वर्ग फिदीफिदी हसला.
मी तिचं वाक्य होतं तसं
वहीत उतरवून घेतलं.

साहित्य :
अलफियाच्या अम्मीनं कागदात बांधून दिलेला गूळ,
चहातून वाचवलेली चमचाभर साखर,
खिडकीखालून जाणारी मुंग्यांची वाट
आणि एक खडू.

कृती :
वाटी पालथी घालून दोन सारखे गोल काढले,
मोजायला सोपं पडावं म्हणून.
इकडं गूळ, तिकडं साखर.
तीस पोरं पालथी, तीस हनुवट्या फरशीला.
वर्ग इतका गप्प
की शेजारच्या बाई डोकावून गेल्या,
काही झालंय का म्हणून.

निरीक्षण.
मुंग्या आल्या. रांगेनं आल्या.
गोलापाशी थांबल्या, मिशा हलवल्या
आणि आल्या पावली माघारी.
गूळ, शून्य. साखर, शून्य.
"उपास आसंल," मुंजाजी म्हणाला, "आज चतुर्थी हाय."
मी त्याला खोडलं नाही.
तोही अंदाजच,
पंचमीला तपासता येईल असा.

मग शिवकन्या, गाल जमिनीला टेकवून :
"गुर्जी, गुळाला न्हाई भ्यायल्यात त्या.
रेघेला भ्यायल्यात."

रेघेला.
मी ओढलेल्या.
मोजायला सोपं पडावं म्हणून ओढलेल्या.

माझ्या दहावीच्या प्रयोगवहीत
अनुमान आधी लिहून व्हायचं,
निरीक्षण त्याच्या मागून, गाइडमधून.
लंबकाची वीस आंदोलनं, लागलेला वेळ
दशांश चिन्हासकट बरोबर.
लंबक मी पाहिला तो कपाटाच्या काचेतून.
किल्ली शिपायाकडं होती आणि शिपाई लग्नाला.
गुण मात्र पैकीच्या पैकी.

खडू मी शिवकन्येच्या हातात दिला.

त्यानंतर गूळ-साखर कुणाला आठवेना.
कोळशाची रेघ ओढली, मुंग्या खुशाल ओलांडून गेल्या.
पाण्याची ओढली, ती वाळेस्तोवर थांबल्या.
राखेची ओढली, ती ओंकार शिंकला आणि उडाली.
एक रेघ अलफियानं ओढली नुसत्या बोटानं,
कशाचीच नाही.
"ही कशाला गं?"
"मंग कळंल कसं गुर्जी,
रेघेला भ्यायल्यात का खडूला?"
हे मी शिकवलं नव्हतं. शपथ.

मोजणीवरून भांडणं झाली.
ओंकारनं एकच मुंगी तीनदा धरली,
कारण "ती परत परत येयली".
पंचमीलाही मुंग्या खडूपाशी थांबल्या,
तेव्हा मुंजाजीनं आपला अंदाज आपणच खोडला,
पट्टी लावून, सरळ.

सोमवारी शिवकन्या उशिरा आली.
घरी पिठाच्या डब्याभोवती तिनं खडू ओढला होता.
सकाळी डबाभर मुंग्या,
आणि आईचा मार.
"मग?"
"आमच्या मुंग्या येगळ्या असतील.
न्हाई तर खडू येगळा.
न्हाई तर रातचं दिसत नसंल त्यांना.
न्हाई तर..."
चौथं बोट मुडपून ती तशीच उभी,
वर्गात यायचं विसरून.

तपासणीला केंद्रप्रमुख आले. वही चाळली.
"अनुमान कोरं?"
"जागा सोडलीय, साहेब."
ते थोडा वेळ पानाकडं बघत राहिले.
मग शेरेपुस्तकात लिहून गेले :
खडूचा खर्च जास्त दिसतो.